रोजचे दोन हजार शब्द आणि शेजारी हातोड्याचे ठोके

कादंबरी कशी लिहिली, हे लेखकाला विचारलं की मिळणारं उत्तर बहुधा पुस्तक छापून झाल्यानंतरचं असतं. तोवर नाव झालेलं असतं, अडलेले दिवस विस्मरणात गेलेले असतात, आणि सगळं आपोआप सुचत गेलं असं लेखकालाही मनापासून वाटू लागलेलं असतं. म्हणून लिहिण्याच्या काळातच, त्या त्या दिवशी केलेली नोंद हाती लागली तर ती मुलाखतींपेक्षा जास्त कामाची.

जॉन स्टाइनबेक या अमेरिकी कादंबरीकाराने अशी नोंद ठेवली. १९३८ च्या मे अखेरीपासून २६ ऑक्टोबरपर्यंत कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस या गावाजवळ राहून त्याने ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहिली, आणि कादंबरीच्या जोडीने एक डायरीही. ही डायरी त्याच्या हयातीत बाहेर आली नाही. रॉबर्ट डीमॉट या अभ्यासकाने ती संपादित करून १९८९ साली ‘वर्किंग डेज’ या नावाने छापली. या प्रकरणाचा मुख्य पुरावा तीच.

प्रश्न असा आहे : पाच महिन्यांत सुमारे दोन लाख शब्द लिहून झाले. १४ एप्रिल १९३९ ला पुस्तक आलं, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलं, १९४० साली त्याला पुलित्झर मिळालं. डायरी उघडली, तर मात्र आत एक भेदरलेला माणूस दिसतो. आज काम होईल का याची त्याला खात्री नाही, झालेलं काम बरं आहे की नाही हे कळत नाही, आपण लेखक तरी आहोत का हेही ठाऊक नाही. असा माणूस शंभरेक दिवस टेबलाशी बसला कसा?

आधीची दोन वर्षं

‘पाच महिन्यांत लिहिली’ ही दंतकथा अर्धवट खरी आहे, आणि कादंबरी लिहू पाहणाऱ्या माणसाचं तिच्यामुळे नुकसानच होतं.

हिशेब १९३६ पासून मांडायला हवा. दुष्काळ, धुळीची वादळं, बँकांची कर्जं आणि शेतात आलेले ट्रॅक्टर यांमुळे ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतली कुळं उठून कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वर्तमानपत्रासाठी स्टाइनबेकने त्यांच्यावर सात लेख लिहिले. ते त्या ऑक्टोबरात छापून आले. त्यासाठी बेकरीची एक जुनी गाडी घेऊन तो मजुरांच्या वस्त्या हिंडला. या फिरतीत त्याला टॉम कॉलिन्स भेटला. अर्विन इथल्या सरकारी छावणीचा हा व्यवस्थापक. छावणीत कोण आलं, काय खाल्लं, कशावरून भांडणं झाली, कोणती गाणी म्हटली, माणसं बोलली ती नेमक्या कोणत्या शब्दांत, याचे तपशीलवार अहवाल तो वरिष्ठांना पाठवायचा. त्या अहवालांचा गठ्ठा स्टाइनबेकच्या हाती आला. कादंबरीतली सरकारी छावणी, तिथल्या समित्या, शनिवारचा नाच, बायकांची बोलणी, यांच्या मुळाशी हा कागद आहे. अर्पणपत्रिकेत दोनच नावं आहेत, त्यांपैकी एक टॉमचं.

साहित्य हाती आलं म्हणून कादंबरी आली असं झालं नाही. १९३७ च्या अखेरीस ओक्लाहोमाच्या माणसांवर त्याने एक कादंबरी सुरू केली आणि सोडून दिली. १९३८ च्या सुरुवातीला व्हायसेलिया भागात पूर आला, हजारो मजूर कुटुंबं पाण्यात आणि उपाशी अडकली. स्टाइनबेक कॉलिन्सबरोबर तिथे गेला आणि चिखलात राबला. परत आला तो संतापून. त्या संतापात त्याने वेगळंच पुस्तक लिहायला घेतलं. त्याचं जन्मगाव सॅलिनस. तिथे १९३६ साली लेट्यूसच्या मजुरांचा संप गावातल्या प्रतिष्ठितांनी मोडून काढला होता. नव्या पुस्तकात या प्रतिष्ठितांची खिल्ली होती. साठ-सत्तर हजार शब्द झाले. पुस्तक जवळजवळ पुरं झालं.

मे १९३८ मध्ये त्याने ते नष्ट केलं.

इथे थांबायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच आहे. प्रकाशक पुस्तकाची वाट पाहत होता. ‘ऑफ माइस अँड मेन’ १९३७ मध्ये गाजलं होतं, पुढचं काहीही खपलं असतं. पण त्याने एजंट एलिझाबेथ ओटिसला कळवलं की पुस्तक वाईट आहे, छापायचं नाही. कारणही दिलं : माणसांना एकमेकांची समज यावी म्हणून मी आजवर लिहीत आलो, आणि हे पुस्तक अर्धवट समजुतीवर द्वेष पसरवणारं आहे. वडील असते तर त्यांनी याला शहाणपणा मिरवणारं पुस्तक म्हटलं असतं, असंही लिहिलं.

हे ‘सुचेना म्हणून सोडलं’ असं नाही. लिहून झालं होतं, ओघवतं असणार, रागही खरा होता. चूक दृष्टीत होती. अशी चूक पुनर्लेखनाने दुरुस्त होत नाही, ही गोष्ट फार थोड्या लेखकांना पचते. आपल्याकडे तर लिहून झालेलं काही फुकट घालवायचं नाही हा जणू नियमच. कादंबरी नाही जमली तर दोन दीर्घकथा काढा, तेही नाही तर दिवाळी अंकाला एखादं प्रकरण द्या. स्टाइनबेकने तुकडेसुद्धा ठेवले नाहीत. दोनेक आठवड्यांत तो नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होता.

म्हणजे मे अखेरीला तो टेबलाशी बसला, तेव्हा वस्त्या पाहून झाल्या होत्या, बोली कानात होती, पूर अंगावर घेऊन झाला होता, आणि काय लिहायचं नाही हे एका अख्ख्या पुस्तकाची किंमत मोजून कळलं होतं. पुढच्या पाच महिन्यांचा वेग या पुंजीतून आला.

डायरी आणि खतावणी

जागा छोटी होती. घरातली एक लहानशी खोली, जेमतेम एक खाट, टेबल, पुस्तकांचं छोटं कपाट मावेल एवढी. लिहायला हिशेबाच्या वहीचे मोठे, रेघांचे कागद, १२ इंच बाय १८ इंच. अक्षर मुंगीएवढं. सगळी कादंबरी अशा १६५ पानांत बसली. पुढे टंकलिखित प्रत झाली ती ७५१ पानांची. भागाकार केला तर हाती लिहिलेल्या एका पानावर बाराशे शब्दांच्या आसपास येतात. दिवसाचं ठरलेलं काम दोन हजार शब्द, म्हणजे दोन पानांच्याही आत.

दोन लाखांना दोन हजारांनी भागलं की शंभर दिवस. मे अखेर ते २६ ऑक्टोबर म्हणजे बावीस आठवडे. आठवड्याला पाच दिवस धरले तर एकशे दहा. सगळ्या अडचणींसाठी मोकळी जागा उरते ती दहा दिवसांची. इतका घट्ट हिशेब होता. (मराठीत लिहिणाऱ्याने दोन हजारांचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते, तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. आकड्यापेक्षा आकडा ठरलेला होता हे महत्त्वाचं.)

डायरीच्या सुरुवातीलाच तो सांगतो की आधीही डायऱ्या लिहून पाहिल्या, पण डायरीत खरं बोलावं लागतं म्हणून त्या टिकल्या नाहीत. यात तेवढं करायचं नाही. कोणत्या दिवशी काम झालं, किती झालं, आणि आपल्याला कळतं तितपत ते कसं झालं, एवढंच. थोडक्यात, मस्टर.

पण मस्टरवर सही करता करता माणूस बोलायला लागतो. नोंदींमध्ये कामाला बसल्याची वेळ येते, पोट बरं नाही हे येतं, काल रात्री कोण आलं होतं, धुण्याचं यंत्र चालू आहे, ग्रामोफोनवर चायकोव्हस्की लावला आहे, हे सगळं येतं. आळशीपणाबद्दल स्वतःला शिव्या येतात. घाई करू नकोस, पुस्तक लवकर संपवायच्या मागे लागू नकोस, ही स्वतःलाच दिलेली ताकीद पुन्हा पुन्हा येते. मग आज काय लिहायचं आहे ते येतं : अमुक माणूस घरी पोचायचा आहे, कुटुंब रस्त्याला लागायचं आहे. आणि पुष्कळ नोंदी एकाच वळणाने संपतात, की आता कामाला लागतो.

नोंदीच्या या क्रमात मला प्रकरणाची किल्ली दिसते. आधी तक्रार, मग भीती, मग आजचा प्रसंग, मग काम. अठरा जूनला तो लिहितो की हे पुस्तक नीट जमलं तर खरोखर थोर होईल, अस्सल अमेरिकी होईल, पण माझं अज्ञान आणि माझी कुवत आड येते. कादंबरी लिहिणाऱ्या कुणाच्याही मनात हे वाक्य घोळत असतं. फरक इतकाच की बहुतेकांच्या मनात ते दिवसभर, लिहिताना, दर परिच्छेदाला घोळतं. स्टाइनबेक ते सकाळी डायरीत उतरवतो आणि दुसरी वही उघडतो. भीती त्यामुळे कमी झाली असं डायरीत कुठेच दिसत नाही. ऑक्टोबरात ती जूनइतकीच आहे, कदाचित जास्तच. पण तिला बसायला वेगळी वही मिळाली.

लेखनाच्या कार्यशाळांमधून आत्मविश्वासावर जे तास घेतले जातात, त्यांच्याबद्दल मला म्हणूनच शंका येते. इथे एक माणूस पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आत्मविश्वासाशिवाय काम करतो आणि काम पुरं करतो.

बांधणी, म्हणजे रोजची सोय

कादंबरीत तीस प्रकरणं आहेत. त्यांतल्या चौदांत ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड कुटुंबाची गोष्ट आहे. उरलेल्या सोळांत कुटुंब जवळजवळ नाही. दुष्काळ, जुन्या मोटारी विकणारे दलाल, महामार्गावरचं खानावळीचं दुकान, कापूस वेचणी, पाऊस अशा सर्वांच्या कहाण्या आहेत. समीक्षक या रचनेबद्दल पुष्कळ बोलतात, व्यक्ती आणि समष्टी वगैरे. ते खरं आहे. पण रोज लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या रचनेत एक निव्वळ व्यावहारिक शहाणपणही आहे.

कुटुंबाची प्रकरणं लांब आहेत, बारा-तेरा माणसं एका मोडक्या ट्रकवर आहेत, प्रत्येकाला बोलतं ठेवायचं, कोण कुठे बसलंय ते लक्षात ठेवायचं. अशी प्रकरणं दिवसचे दिवस खातात. मधली प्रकरणं बहुतेक छोटी, एका दमातली. तिसरं प्रकरण घ्या. एक कासव रस्ता ओलांडतं. एक बाई गाडी चालवत येते, कासव दिसताच गाडी वळवून त्याला वाचवते. मग एक ट्रकवाला येतो आणि मुद्दाम चाक त्याच्या अंगावर घालायला बघतो. कवचाच्या कडेला चाक लागतं, कासव उडून पलीकडे पडतं, उलटं होतं, खूप वेळाने सुलटं होतं. वाटेत त्याच्या कवचात अडकलेलं जंगली ओटचं कणीस पडतं आणि चालता चालता कासवच त्यावर माती ओढतं. बस, एवढंच. यात संवाद नाही, कुटुंब नाही, मागचं-पुढचं काही लक्षात ठेवायची गरज नाही. लांब प्रकरणातून बाहेर पडलेल्या माणसाला असा एक दिवस मिळणं म्हणजे सुट्टीच, आणि शब्द मात्र मोजले जातात. रचना ठरवताना त्याने हे डोक्यात ठेवलं होतं असा माझा दावा नाही. परिणाम मात्र तसा झाला असावा.

दुसरी गोष्ट शेवटाची. तीस जूनच्या नोंदीत तो सांगतो की आदल्या दिवशी सगळं पुस्तक मनातून फिरवलं आणि शेवटच्या प्रसंगावर नजर स्थिर झाली. तेव्हा चार महिन्यांचं काम बाकी होतं. रोजचं काम अंधारात चालायचं, पण कुठे पोचायचं ते जून संपतानाच माहीत होतं. शेवटच्या दोन प्रकरणांत पाऊस आणि पूर आहे. वर्षाच्या सुरुवातीला चिखलात उभं राहून जे पाहिलं, त्यासाठी त्या पहिल्या रागीट पुस्तकात जागा नव्हती. इथे पुस्तकाचा शेवटच तो झाला.

आणि अचूकपणा. २४ जूनच्या सुमाराला टॉमकडून माहिती आली, तेव्हा तो लिहितो की हे मला हवंच होतं, कारण तपशिलात चूक सापडली तर तीच माझ्याविरुद्ध वापरली जाईल. हा अंदाज बरोबर निघाला. पुस्तक आल्यावर बड्या शेतमालकांच्या संघटनेने ते खोटं ठरवायचा जोरदार प्रयत्न केला, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये कर्न काउंटीने आपल्या ग्रंथालयांतून आणि शाळांतून ते हद्दपार केलं. अर्विनची छावणी त्याच काउंटीत.

ऑगस्ट

प्रत्येक कादंबरीत एक ऑगस्ट येतो. मध्य ओलांडलेला, सुरुवातीचा जोर संपलेला, शेवट अजून लांब.

स्टाइनबेकच्या ऑगस्टमध्ये काय काय होतं ते पाहा. शेजारी घर बांधत होते, दिवसभर ठोकाठोक. बायको कॅरलची टॉन्सिलची शस्त्रक्रिया त्याच उन्हाळ्यात झाली. कोविची-फ्रीड ही त्याची प्रकाशनसंस्था दिवाळ्यात निघाली. त्याचा प्रकाशक पास्कल कोविची व्हायकिंग प्रेसमध्ये गेला आणि स्टाइनबेकलाही घेऊन गेला, पण मधले आठवडे पैसे अडकले आहेत आणि पुढचं पुस्तक कोण छापणार हे ठाऊक नाही अशा अवस्थेत गेले. ‘द लाँग व्हॅली’ हा कथासंग्रह सप्टेंबरात यायचा होता, त्याचीही गडबड. गोंगाटाला कंटाळून डोंगरात जवळपास पन्नास एकरांची एक जुनी वाडी घ्यायचं चाललं होतं, तिथे नवं घर बांधायचं होतं. त्यात पाहुणे. नाव झालं की पाहुणे वाढतात. चार्ली चॅप्लिनसुद्धा येऊन जायचा. चॅप्लिन दारात आल्यावर ‘मी लिहितोय’ म्हणून त्याला परत कसा पाठवणार?

सोळा ऑगस्टची नोंद डायरीतली सगळ्यात खचलेली आहे. धीर पार सुटला, आवरता येईलसं दिसत नाही. आमच्या आजवरच्या आयुष्यात घडलं नाही तेवढं एका महिन्यात घडतंय. आणि मग ते पुढे पुष्कळदा उद्धृत झालेलं वाक्य, की मी लेखक नाही, मी स्वतःला आणि लोकांना फसवत आलो.

त्या आठवड्यांत कामाचे दिवस बुडाले, वेग मोडला. पण त्याने बांधणी बदलली नाही, नवं पुस्तक सुरू केलं नाही, लिहिलेलं फाडलं नाही. मेमध्ये अख्खं हस्तलिखित नष्ट करणारा हाच माणूस. तेव्हा पुस्तक चुकीचं आहे असं त्याला वाटत होतं. ऑगस्टमध्ये आपण अपुरे आहोत असं वाटत होतं. या दोन अवस्था वरून सारख्या दिसतात. झोप दोन्हीत उडते. पहिलीत पुस्तक सोडावं, दुसरीत सोडू नये. हा भेद त्याला नेमका कसा कळला, याचं सरळ उत्तर डायरीत नाही. मला सुचतं ते इतकंच : मेमधल्या पत्रात तो पुस्तकाबद्दल बोलतो, त्याचा हेतू काय, वाचणाऱ्यावर परिणाम काय होईल. सोळा ऑगस्टला तो फक्त स्वतःबद्दल बोलतो. जोड कुटुंबाविरुद्ध त्याची काहीही तक्रार नाही.

सप्टेंबरात काम पुन्हा रुळावर आलं. तेही काही शांततेत नव्हे. नव्या जागेतल्या जुन्या घरात बिऱ्हाड हलवलं, बाजूला नव्या घराचं बांधकाम. हातोड्यांपासून पळून माणूस हातोड्यांपाशीच आला, फक्त आता ते स्वतःचे होते.

कॅरल

अर्पणपत्रिकेतलं पहिलं नाव तिचं. हे पुस्तक व्हावं ही इच्छा तिची, असं तिथे म्हटलंय. मला हे कमीच वाटतं.

पुस्तकाचं नाव तिने शोधलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला, ज्युलिया वॉर्ड हाउच्या ‘बॅटल हिम्न ऑफ द रिपब्लिक’ या गीतातून. स्टाइनबेकला ते इतकं आवडलं की संपूर्ण गीत पुस्तकात छापा असा आग्रह त्याने प्रकाशकाकडे धरला, आणि ते छापलं गेलं. ते मुंगीएवढं अक्षर वाचून ७५१ पानं टंकित करायचं कामही तिचंच. तो पुढे लिहीत होता तेव्हा ती मागून टंकत येत होती, विरामचिन्हं नीट करत होती, खटकलं ते सांगत होती. तिची टॉन्सिलची शस्त्रक्रिया डायरीत कामातला अडथळा म्हणून येते. घर, पाहुणे, नव्या बांधकामाच्या भानगडी यांपैकी किती तिच्या अंगावर होत्या याची नोंद डायरीत ओझरती आहे, कारण डायरी तिची नाही.

‘लेखकाची दिनचर्या’ या विषयावर जे लेख येतात त्यांत पहाटेचं उठणं असतं, काळी कॉफी असते, शब्दांचा आकडा असतो. दुसऱ्या माणसाचे तास नसतात. स्टाइनबेकचे दोन हजार शब्द रोज लिहून व्हायचे तेव्हा त्याच घरात आणखी दोन हजार शब्द टंकले जात होते. हे लग्न पुढे टिकलं नाही. १९४३ साली घटस्फोट झाला.

शेवटचा आठवडा आणि त्यानंतर

ऑक्टोबरच्या मध्यावर, संपायला आठवडा राहिला असताना, त्याची खात्री झाली होती की हे काही थोर पुस्तक नाही. चार पुस्तकांसारखं एक. आणि भयंकर गोष्ट ही, असं तो म्हणतो, की याहून चांगलं मला जमतच नाही. २६ तारखेला पोट बिघडलेलं, चक्कर येत होती, पान धड दिसत नव्हतं. त्या अवस्थेत त्याने शेवट लिहिला, पुस्तक संपल्याची नोंद केली, आणि देवाला उद्देशून चांगलं असू दे म्हणाला. नंतर तो आजारीच पडला, पायाच्या नसेच्या दुखण्याने कित्येक आठवडे अंथरुणात.

पुढचं काम झालं ते अशा अवस्थेत. एलिझाबेथ ओटिस कॅलिफोर्नियाला आली आणि दोघांनी बसून पुस्तकातल्या शिव्यांवर घासाघीस केली. शिव्यांच्या बाबतीत त्याने काही ठिकाणी माघार घेतली. शेवटाच्या बाबतीत नाही. पुराच्या पाण्यापासून उंचावरच्या एका गोठ्यात, जिचं मूल मेलेलंच जन्मलं ती जोडांची मुलगी रोझ ऑफ शॅरन भुकेने मरायला टेकलेल्या अनोळखी माणसाला अंगावर पाजते, तिथे कादंबरी संपते. व्हायकिंगच्या मंडळींना हे फार अचानक वाटलं. त्या माणसाची आधी थोडी ओळख करून द्या, कथेत विणा, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी १९३९ मध्ये स्टाइनबेकने कोविचीला लिहिलं की बदलता येणार नाही. तो माणूस अनोळखीच हवा. ओळख आली की ते प्रेम किंवा दया होते. इथे भाकरीचा तुकडा देण्याहून जास्त भावना नको.

सकाळ-सकाळी स्वतःला फसवा म्हणवणारा माणूस आणि हा माणूस एकच. पण ज्या प्रसंगाकडे तो जूनपासून चालत आला होता, त्यावर संपादकाचं मत मागायला जागाच उरली नव्हती.

या प्रकरणातून काय उचलावं याला मर्यादा आहेत, आणि त्या पैशाच्या आहेत. ‘ऑफ माइस अँड मेन’चं पुस्तक आणि त्यावरचं ब्रॉडवेचं नाटक यांनी त्याला १९३८ हे वर्ष मोकळं दिलं. नोकरी नव्हती, मूलबाळ नव्हतं. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून घरी येऊन रात्री लिहिणाऱ्या मराठी कादंबरीकाराला दिवसाला दोन हजारांचा हिशेब लागू नाही. वहीची विभागणी मात्र त्याला पैशाशिवाय करता येते, आणि मेचा निर्णयही.

१९५१ साली ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहिताना स्टाइनबेकने हीच पद्धत थोडी बदलून वापरली. मोठ्या वहीच्या डाव्या पानावर रोज आधी पास्कल कोविचीला पत्र लिहायचं, हवापाणी, पेन्सिली, भीती, आज काय लिहिणार ते. आणि मग उजव्या पानावर कादंबरी. म्हणजे १९३८ मध्ये जे स्वतःशी चाललं होतं त्याला आता ऐकणारा एक माणूस मिळाला होता, तोही असा, जो पुस्तक छापणार होता. वही हाती पडेपर्यंत ती पत्रं कोविचीला वाचता येणार नव्हती, म्हणून मध्येच त्याचा सल्ला येण्याचीही भीती नव्हती. स्टाइनबेक १९६८ च्या डिसेंबरात गेला. ही पत्रं पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आली, आणि १९३८ ची डायरी त्यानंतर वीस वर्षांनी.